गृहसंगणकातील हार्ड डिस्कचे विभाजन आणि मराठी मजकुराचे जतन : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरात संगणक आला आणि त्याबरोबर घरातील कागदपत्रांची जागाही बदलू लागली. लाकडी कपाट, पत्र्याची ट्रंक आणि कापडात बांधलेले दप्तर यांच्या जोडीला 'डी ड्राइव्ह' नावाची एक नवी जागा निर्माण झाली. पत्रव्यवहार, हिशेब, लग्नपत्रिकेचा मजकूर, मुलांचे शालेय प्रकल्प, छायाचित्रे, एम.फिल.चा प्रबंध असे सर्व काही तेथे ठेवले जाऊ लागले. 'महत्त्वाचे असेल ते डी मध्ये ठेवा' हा सल्ला संगणकाच्या दुकानात, प्रशिक्षण वर्गात आणि शेजारीपाजारी इतका रूढ झाला की, त्यामागील कारण विचारण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

हार्ड डिस्कचे विभाजन मुळात कशासाठी करण्यात आले, घरगुती वापरात त्याला कोणता अर्थ प्राप्त झाला आणि त्या अर्थाने घरातील मराठी मजकुराचे कितपत रक्षण केले, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे. विभाजनाने मुख्यत्वे एकाच आपत्तीपासून संरक्षण दिले आणि ती आपत्ती म्हणजे कार्यप्रणाली नव्याने टाकण्यापूर्वी केले जाणारे फॉरमॅट होय. कुटुंबांनी मात्र त्यास सर्व आपत्तींवरचा उपाय मानले. मराठीच्या बाबतीत तर फाइल सुरक्षित राहूनही मजकूर हरवण्याचा एक वेगळाच प्रकार घडला, ज्याची नोंद संगणकाच्या सर्वसाधारण इतिहासात सहसा आढळत नाही.

'सी' पासून सुरुवात

आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. त्यात फ्लॉपीचे एक किंवा दोन ड्राइव्ह असत आणि त्यांना ए व बी ही अक्षरे दिलेली होती. मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी हे १० एमबी क्षमतेची हार्ड डिस्क असलेले यंत्र आले आणि त्या डिस्कला पुढचे अक्षर मिळाले. पुढे फ्लॉपी नामशेष झाली, परंतु अक्षरांची गणना सी पासूनच होत राहिली. आजच्या विद्यार्थ्यास ए आणि बी कोठे गेले हा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर एवढेच आहे.

एक्सटीबरोबर आलेल्या डॉस २.० या कार्यप्रणालीत 'एफडिस्क' नावाचा प्रोग्राम होता. डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ६४ बाइट राखून ठेवले जात आणि त्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी बसत. विभाग कोठून सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि संगणक त्यातून सुरू करावयाचा की नाही, एवढा मजकूर प्रत्येक नोंदीत असे. सात-बाराच्या उताऱ्याशी परिचित असलेल्या वाचकास ही व्यवस्था समजण्यास अडचण पडू नये. जमीन तीच असते. कोणाचा हिस्सा कोठून कोठपर्यंत, हे कागद सांगतो. मात्र एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ही वाटणी एका कुटुंबाच्या फाइलींसाठी नव्हती, तर एकाच डिस्कवर डॉस, सीपी/एम-८६, झेनिक्स अशा निरनिराळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात यासाठी होती. डॉसच्या वाट्यास त्यातील एकच विभाग येत असे.

डॉसलाच अनेक विभागांची गरज भासली ती डिस्क मोठ्या झाल्यावर. त्या काळी डॉस विभागातील सेक्टरांची संख्या १६ बिटांत मोजत असे. त्यामुळे कोणताही विभाग ३२ एमबीपेक्षा मोठा होऊ शकत नव्हता. १९८७ साली आलेल्या डॉस ३.३ ने यावर तोड काढली. चार नोंदींपैकी एक 'विस्तारित' विभागाची ठरवून त्याच्या पोटात अनेक तार्किक ड्राइव्ह करण्याची सोय झाली. या पोटविभागांची माहिती मूळ तक्त्यात लिहिली जात नसे. मूळ तक्त्यात फक्त विस्तारित विभाग कोठे सुरू होतो एवढेच असे आणि पुढील प्रत्येक ड्राइव्हची नोंद त्याच्या स्वतःच्या दारात, पुढच्याचा पत्ता देऊन लिहिलेली असे. ही साखळी अनेक घरांच्या कामी कशी आली, हे पुढे येईल.

१९८८ च्या डॉस ४.० ने ३२ एमबीची मर्यादा दूर केली. तरीही फॅट-१६ या पद्धतीत २ जीबीची मर्यादा उरलीच. शिवाय मोठा विभाग म्हणजे मोठे क्लस्टर. एक ते दोन जीबीच्या विभागात प्रत्येक क्लस्टर ३२ केबीचा असे आणि फाइल कितीही लहान असली तरी ती किमान एक क्लस्टर व्यापत असे. तीन केबीची एक हजार पत्रे अशा विभागात सुमारे ३१ एमबी जागा अडवीत. ५१२ एमबीच्या आतील विभागात क्लस्टर ८ केबीपर्यंतच असल्यामुळे तीच पत्रे सुमारे ८ एमबीमध्ये मावत. म्हणजे नव्वदच्या दशकात डिस्कचे तुकडे करणे हा काटकसरीचा मार्ग होता. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर फॅट-३२ आले, १९९८ मध्ये विंडोज ९८ ने ते घरोघरी नेले आणि ही काटकसर जवळजवळ अनावश्यक ठरली.

कोल्हापुरातील घर आणि दुकान

कारण संपले, पण रीत राहिली. किंबहुना ती वाढली. कोल्हापूरसारख्या शहरात घरगुती संगणक बहुधा जुळणी केलेला असे. शाहूपुरी, राजारामपुरी यांसारख्या व्यापारी भागांतील दुकानदार सुटे भाग आणून यंत्र जोडून देत आणि त्यात कार्यप्रणाली टाकून देत. विसा-चाळीस जीबीच्या डिस्कचे तीन-चार भाग करून देणे हे या सेवेचाच भाग मानले जाई. यामागे दुकानदाराचा व्यावहारिक हिशेब होता. विंडोज ९८ काही महिन्यांच्या वापरानंतर मंदावत असे, विषाणू शिरत, सुटलेल्या प्रोग्रामांचे अवशेष साचत. दोष शोधून काढण्यात दिवस घालवण्यापेक्षा सी विभाग पुसून कार्यप्रणाली पुन्हा टाकणे तासा-दोन तासांचे काम असे. 'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग मराठी बोलीत याच काळात स्थिरावला. ग्राहकाच्या फाइली दुसऱ्या विभागात असल्या म्हणजे दुकानदारास त्यांची जबाबदारी घ्यावी लागत नसे.

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. गल्लोगल्ली झालेल्या प्रशिक्षण केंद्रांतून शिक्षक, कारकून, गृहिणी, विद्यार्थी असा मोठा वर्ग प्रथमच 'माय कॉम्प्युटर' उघडून सी, डी, ई ही अक्षरे पाहू लागला. या वर्गाच्या दृष्टीने ही तीन स्वतंत्र कपाटे होती. ती एकाच तबकडीच्या संचावर आखलेल्या रेषा आहेत, हे पडद्यावरून समजण्याची सोयच नव्हती. अनेक घरांत या कपाटांची वाटणीही झाली. वडिलांचे हिशेब डी मध्ये, मुलांची गाणी ई मध्ये, चित्रपट एफ मध्ये. विंडोज ९८ मध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते करण्याची सोय होती. तिचा वापर क्वचितच होई, कारण ड्राइव्हचे अक्षर लक्षात ठेवणे सोपे होते.

परंतु घरातील मजकूर खरोखर डी मध्ये होता का? येथेच पहिली फसगत होती. विंडोज ९८ मध्ये 'माय डॉक्युमेंट्स' हे फोल्डर सी मध्ये असे. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल डोळ्यांसमोर दिसत असली तरी तीदेखील सी मधील विंडोज फोल्डरात साठवली जाई. आउटलुक एक्सप्रेसमधील ई-पत्रे आणि पत्ते तेथेच. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम आपली माहिती सहसा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे सी मध्ये ठेवी. उद्यमनगरातील एखाद्या लहान कारखान्याचे हिशेब घरी बसून लिहिणाऱ्यास ही गोष्ट फॉरमॅटनंतर समजणे हे दुर्दैव होते. 'डी मध्ये ठेवा' हा सल्ला देणाऱ्याने प्रोग्राम स्वतःहून कोठे ठेवतात हे सांगितले नाही, तर तो सल्ला निम्माच राहतो.

दुसरा घोटाळा अक्षरांचा. डॉस आणि विंडोज ९८ या प्रणाली प्रथम सर्व डिस्कांवरील प्राथमिक विभागांना अक्षरे देत आणि मगच तार्किक ड्राइव्हकडे वळत. त्यामुळे मित्राची हार्ड डिस्क गाण्यांसाठी आणून जोडली की तिचा प्राथमिक विभाग डी होई आणि घरचा डी सरकून ई बनत असे. डी समजून भलत्याच विभागावर फॉरमॅटची आज्ञा देण्याचा धोका या नियमातच दडलेला होता. माहीतगार तंत्रज्ञ म्हणूनच अक्षरावर विसंबत नसत. प्रत्येक विभागास नाव देत आणि आकार पडताळून मगच पुढे जात.

यात विजेची भर पडली. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन तीव्र होते. लेखन चालू असताना वीज गेली तर फॅट-३२ मधील नोंदी अर्धवट राहत आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने एनटीएफएस ही पद्धत घरात आणली. तीत बदलांची रोजकीर्द ठेवली जात असल्याने रचना पूर्ववत करणे शक्य होते. फॅट-३२ चे रूपांतर फाइली न पुसता करता येई. मात्र ज्या घरात विंडोज ९८ ही शेजारी ठेवले होते, तेथे त्या प्रणालीस एनटीएफएस वाचता येत नसल्याने डी जुन्याच पद्धतीत ठेवावा लागे.

२६ एप्रिल १९९९

विभाजनाच्या उपयोगितेची कठोर परीक्षा एका विषाणूने घेतली. तैवानमध्ये १९९८ साली तयार झालेला 'सीआयएच' हा विषाणू विंडोज ९५ व ९८ वर पसरला आणि २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने एकाच वेळी आपले काम केले. चेर्नोबिल दुर्घटनेची तीच तारीख असल्याने तो 'चेर्नोबिल' या नावाने प्रसिद्ध झाला. आशियातील देशांस त्याची झळ अधिक बसली. भारतही त्यात होता. हा विषाणू डिस्कचा आरंभीचा एक एमबी भाग निरर्थक करीत असे आणि काही यंत्रांत बायोसचा मजकूरही नष्ट करीत असे.

एक एमबी म्हणजे कित्येक जीबीच्या डिस्कचा नगण्य अंश. परंतु त्याच भागात विभागांचा मूळ तक्ता होता. सकाळी संगणक सुरू करणाऱ्यास सी नाही, डी नाही, काहीच नाही असे दिसे आणि सर्व गेले असा समज होई. वस्तुस्थिती तशी नव्हती. सी विभाग फॅट-१६ चा असेल, तर त्याच्या वाटप-तक्त्याची प्रत्येक प्रत जास्तीत जास्त १२८ केबीची असल्याने दोन्ही प्रती पहिल्या एमबीमध्येच येत आणि पुसल्या जात. विभाग फॅट-३२ चा आणि एक जीबीहून मोठा असेल, तर पहिली प्रतच सुमारे एक एमबीची होई. दुसरी तिच्या पलीकडे राहून वाचे. डी आणि पुढचे तार्किक ड्राइव्ह तर पूर्णपणे अबाधित असत, कारण त्यांची नोंद त्यांच्याच दारात होती. गेली होती ती फक्त तेथवर नेणारी पहिली ओळ. ती ओळ पुन्हा लिहिली की डी जसाच्या तसा दिसू लागे.

हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी मजकूर परत मिळवला. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी नव्याने विभाजन करून, फॉरमॅट करून, शाबूत असलेला डी स्वतःच्या हाताने घालवला. विषाणूने केलेल्या हानीत या दुसऱ्या हानीची भर किती होती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ती लहान नसावी.

अक्षरे डी मध्ये, लिपी सी मध्ये

आता मराठीकडे वळले पाहिजे. कोल्हापूर हे पुराभिलेखाचे शहर आहे. येथील शासकीय पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रे आहेत आणि १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातील इतिहासाचे अभ्यासक ती वाचत आले आहेत. दोन हजारच्या दशकात असा एखादा अभ्यासक मोडीचे लिप्यंतर घरी येऊन संगणकावर उतरवून घेई आणि शिकवल्याप्रमाणे डी मध्ये ठेवी. महिन्याभराने संगणक बिघडे, सी फॉरमॅट होई, डी सुरक्षित राही. फाइल उघडावी तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अनोळखी चिन्हे यांची रांग! फाइल एका बाइटानेही बदललेली नसे. तरीही तीत मराठी उरलेली नसे.

याचे कारण त्या काळच्या मराठी फॉन्टच्या रचनेत आहे. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारखी व्यावसायिक साधने आणि शिवाजी, किरण यांसारखे मुक्तपणे फिरणारे फॉन्ट हे बहुतांशी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. फाइलमध्ये साठवला जाई तो रोमन अक्षराचा क्रमांक. तेथे 'क' दिसावा की काना, हे फॉन्ट ठरवी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती, त्यामुळे एकाच्या फाइलीस दुसऱ्याचा फॉन्ट लागू पडत नसे. आणि फॉन्टचे वास्तव्य सी मधील विंडोज फोल्डरातील 'फॉन्ट्स' या उपफोल्डरात असे. अक्षरांचे क्रमांक डी मध्ये आणि त्यांचा अर्थ सी मध्ये, अशी ही विभागणी होती. फॉरमॅटने अर्थाचा विभाग पुसला जाई. इंग्रजीत लिहिणाऱ्यास हा प्रसंग ओढवत नसे, कारण त्याचा फॉन्ट गेला तरी दुसरा फॉन्ट तेच अक्षर दाखवी. विभाजन सर्वांसाठी सारखेच होते. त्याची किंमत मात्र मराठीने अधिक मोजली.

वर्डच्या फाइलमध्ये वापरलेल्या फॉन्टचे नाव तरी लिहिलेले असते; ते वाचून तोच फॉन्ट मिळवता येई. साध्या मजकूर-फाइलमध्ये तेवढाही धागा नसे. अशा वेळी फाइलचे नाव हाच एकमेव वाचनीय पुरावा उरे, कारण नावे रोमन लिपीतच द्यावी लागत. 'आईचे पत्र', 'वतनपत्र दोन', 'हिशेब दिवाळी' अशी मराठी नावे रोमन अक्षरांत लिहिलेली आणि आत न वाचता येणारा मजकूर, हे त्या काळच्या डी ड्राइव्हचे प्रातिनिधिक चित्र होय. भावी इतिहासकारास ही नावे शीर्षकांच्या यादीसारखी उपयोगी पडतील.

यावर प्रमाणित उपाय नव्हता असे नाही. भारतीय मानक संस्थेचे इस्की हे मानक १९९१ साली निश्चित झाले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले होते. परंतु विंडोज ९५ व ९८ यांत देवनागरी युनिकोड वापरण्याची पुरेशी सोय नव्हती. विंडोज २००० मध्ये ती मंगल या फॉन्टसह आली. विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण मुळात बंद. प्रादेशिक भाषांच्या पर्यायात जाऊन जटिल लिप्यांसाठीच्या फाइली मूळ सीडीवरून टाकाव्या लागत. जुळणी केलेल्या यंत्राच्या मालकाकडे ती सीडी बहुधा नसे. येथे काही तंत्रज्ञांनी डी विभागाचा एक सुज्ञ उपयोग केला. सीडीवरील संबंधित फोल्डर ते आधीच डी मध्ये उतरवून ठेवीत आणि त्याशेजारी ग्राहकाच्या सर्व मराठी फॉन्टची एक प्रत ठेवीत. फॉरमॅटनंतर लिपी पुन्हा सी मध्ये नेणे मग पाच मिनिटांचे काम होई. हा उपाय साधा होता, त्यास खर्च नव्हता, आणि तो फारच थोड्यांना सांगितला गेला.

हद्दी सरकवणे

एकदा आखलेली हद्द बदलणे ही या विषयातील कायमची अडचण होती. एफडिस्कला विभाग करता येत आणि पुसता येत. आतील मजकूर राखून लहान-मोठे करता येत नसत. विंडोज ९८ च्या काळात पुरेसा वाटलेला चार-पाच जीबीचा सी एक्सपी आल्यावर भरून जाई, आणि शेजारी डी मध्ये जागा रिकामी पडलेली असे. पॉवरक्वेस्ट कंपनीचा पार्टिशनमॅजिक हा प्रोग्राम नव्वदच्या दशकापासून हे काम करीत होता. २००३ मध्ये ती कंपनी सिमँटेकने विकत घेतली. हद्द सरकवताना डी मधील मजकूर अक्षरशः उचलून पुढे ठेवावा लागतो आणि त्यास तासन् तास लागू शकतात. त्या वेळेत वीज गेली तर हलवलेला भाग एकीकडे आणि तक्ता दुसरीकडे अशी अवस्था होई. भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे पाहून हे काम करावे लागत असे, ही गोष्ट परदेशी माहितीपुस्तिकेत कशी असणार?

२००७ मध्ये घरगुती बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने विभाग आकसण्याची व वाढवण्याची सोय स्वतःच्याच डिस्क व्यवस्थापनात दिली. तिच्या मर्यादा आजही अनेकांस कोड्यात टाकतात. सी वाढवायचा तर रिकामी जागा त्याच्या लगेच पुढे हवी. डी आकसला की मोकळी झालेली जागा डी च्या शेवटी येते, सी च्या शेजारी नव्हे. मध्ये डी उभाच असतो. बांधाला लागून नसलेला तुकडा शेतात मिळवता येत नाही, तसाच हा प्रकार. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल अशा जागच्या न हलणाऱ्या फाइलींपलीकडे विभाग आकसतही नाही. २००४ पासून उपलब्ध असलेला जीपार्टेड हा मुक्त प्रोग्राम सीडीवरून सुरू करून विभाग हलवता येतो. उबंटूच्या सीडी २००५ ते २०११ या काळात टपालाने विनामूल्य मिळत, तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती ही साधने आली. काहींनी त्यातून लिनक्स शिकले, काहींनी वडिलांचा डी घालवला.

जुन्या तक्त्यात सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांत असल्याने त्याची मर्यादा सुमारे दोन टीबी आहे. तिच्या पलीकडे जाण्यासाठी आलेल्या जीपीटी या पद्धतीत विंडोज १२८ विभागांची तरतूद ठेवते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. १९९९ साली अशी प्रत असती, तर पहिल्या एका एमबीने एवढा अनर्थ झाला नसता. आजच्या यंत्रात मात्र अक्षर नसलेले लहान विभाग दिसतात. त्यांपैकी एकातून संगणक सुरू होतो, तर दुसऱ्यात दुरुस्तीची साधने असतात. जागा वाया गेली असे समजून ते पुसणाऱ्याचे यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. नवे लॅपटॉप बहुधा एकाच मोठ्या सी सह येतात. तरीही 'डी करून द्या' ही मागणी आजही केली जाते; वीस वर्षांची सवय सहज सुटत नाही.

एकच तबकडी

डी ड्राइव्हवरील विश्वासाचा सर्वांत मोठा भंग पाण्याने केला. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ही पातळी ओलांडून पाणी शहराच्या सखल वस्तीत शिरले. घरगुती संगणकाचा मुख्य डबा मेजाखाली जमिनीवर ठेवण्याची पद्धत असल्याने तो प्रथम बुडतो. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेचा दाब समान राखण्यासाठी एक सूक्ष्म छिद्र असते. गाळमिश्रित पाणी तेथून आत जाऊ शकते. तबकडीवर आखलेली सी आणि डी मधील रेषा पाण्यास अडवीत नाही. घरातील दोन कपाटांपैकी एक भिजावे आणि दुसरे वाचावे, अशी शक्यताच तेथे नसते.

पुरानंतर डिस्क कोरडी करण्यासाठी उन्हात ठेवणे किंवा चालू करून पाहणे हे स्वाभाविक वाटते आणि त्यानेच उरलेले नष्ट होते. आतील गाळ वाळला की वाचक शीर्ष त्यावरून घासत जाते. अशी डिस्क चालू न करता, वाळू न देता, तशीच पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे देणे हाच मार्ग असतो आणि त्याचा खर्च सामान्य घरास परवडतोच असे नाही. त्याऐवजी डी मधील मजकुराची एक प्रत सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा गावातील उंच भागात राहणाऱ्या नातेवाइकाच्या संगणकात असती, तर खर्च काही रुपयांचा होता. ती प्रत बहुतेक घरांत नव्हती, कारण डी मध्ये ठेवले म्हणजे प्रत काढलीच, असा समज डी ने स्वतःच निर्माण केला होता.

जुन्या डिस्कांचे वाचन

आज अनेक घरांच्या माळ्यावर चाळीस पिनांच्या जोडणीच्या हार्ड डिस्क पडून आहेत. एम.फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने बंद केली. त्या पदवीसाठी मराठीत टंकित झालेल्या किती प्रबंधिकांच्या मूळ फाइली या डिस्कांत असतील, हे सांगता येत नाही. त्यांतील अवतरणे, टिपणे आणि मोडीची लिप्यंतरे छापील प्रतीत सर्वच आलेली नसतात. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास हे दप्तर दुर्लक्षून चालणार नाही.

अशी डिस्क यूएसबीच्या जोडणीयंत्राने आजच्या संगणकास लावता येते. वीज वेगळ्या जोडणीने द्यावी लागते आणि मागील जंपर मास्टरवर ठेवावा लागतो. विंडोज फॅट-३२ अजूनही वाचते. विभाग ओळखला गेला नाही तर 'फॉरमॅट करावयाचे का' अशी विचारणा पडद्यावर येते. तीस होकार देऊ नये. प्रथम संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत.

पुसलेला सी देखील टाकाऊ मानू नये. डॉसपासून एक्सपीपर्यंतचे फॉरमॅट जुना मजकूर प्रत्यक्ष मिटवीत नसे. ते तक्ते नव्याने लिही आणि पृष्ठभाग तपासून पाही. व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅटमध्ये सर्वत्र शून्ये लिहिली जातात. म्हणजे २००३ साली फॉरमॅट केलेल्या सी मध्ये त्याआधीचे फॉन्ट नव्या फाइलींखाली दबले नसतील तेथे अद्याप पडून असू शकतात आणि पुनर्प्राप्तीच्या प्रोग्रामने ते निघू शकतात. डी मधील न वाचता येणाऱ्या लिप्यंतराची किल्ली अशा वेळी त्याच डिस्कवर, काही जीबी अलीकडे सापडते. ती मिळाली की मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. जोडाक्षरे आणि रफार रूपांतरात हमखास चुकतात, म्हणून मूळ फॉन्टमधील पान छापून समोर ठेवावे आणि ओळ ओळ ताडून पाहावी.